गळ कसला आहे, ते आधी सांगा

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत माझगाव डॉकला केंद्रीय गृह आणि सहकारमंत्री अमित शहा यांनी खोल समुद्रातल्या मासेमारीसाठीच्या बोटी मच्छीमार सहकारी संस्थांच्या हवाली केल्या. एका बोटीची किंमत सुमारे १ कोटी २० लाख रुपये. ती पंचवीस दिवस समुद्रात राहू शकेल आणि वीस टन मासळी घेऊन येईल, असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत टन होते, कोटी होते, निर्यात होती, ‘नीलक्रांती’ होती. या बोटी समुद्रात काय सोडणार, जाळं की गळ, आणि गळ असेल तर कुठल्या आकाराचा, हा प्रश्न मात्र मला कुठे छापलेला दिसला नाही.

प्रश्न बारीक वाटतो, पण माझ्या मते तो या सगळ्या योजनेतला सर्वांत मोठा प्रश्न आहे. येत्या वर्षभरात तो कुणी विचारला नाही, तर पुढची तीस वर्षं विचारून उपयोग होणार नाही, असंही मला वाटतं.

आधी माझी ओळख, म्हणजे वाचकाला माझं म्हणणं किती गांभीर्यानं घ्यायचं ते ठरवता येईल. मी इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअर लिहितो, सीबीडी बेलापूरला नोकरी करतो. मासेमारी करत नाही, खातो. सेक्टरांच्या पलीकडे खाडीकाठी दिवाळे गाव आहे, तिथला मासळीबाजार आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना गूगल मॅप्सवर पाठ आहे. पण त्या गावाला ‘खोल समुद्र’ हा शब्द आता का ऐकवला जातो आहे, याचा विचार त्यातल्या फार थोड्यांनी केला असेल.

कारण उघड आहे. सिडको १९७० साली स्थापन झाली. त्यानंतर ठाणे खाडी आणि पनवेल खाडीच्या काठानं जे जे झालं त्यातून शहर उभं राहिलं आणि खाडीतली मासळी कमी होत गेली. भराव, सांडपाणी, पूल, विमानतळ. हे फक्त नवी मुंबईचंच नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या मासळीवर ट्रॉलर, पर्ससीन आणि एलईडी दिव्यांनी जो हात मारला, त्याला आवर घालायला सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, २०२१ मध्ये १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती केली, आणि तरीही दर हंगामात पारंपरिक मच्छीमार मोर्चे काढतातच. आता धोरणाची भाषा अशी की किनाऱ्यावर गर्दी झाली आहे, तुम्ही बाहेर जा, बारा सागरी मैलांच्या पलीकडे, जिथे कुपा आहे, गेदर आहे, डॉलर आहेत. थोडक्यात, जवळचा समुद्र बिघडवून झाल्यावर दूरचा समुद्र भरपाई म्हणून दिला जातो आहे. ही भरपाई तरी नीट असावी, एवढंच माझं मागणं आहे.

आता गळाकडे येऊ. टूनासाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे लाँगलाइन. एक लांबच लांब मुख्य दोर, त्याला तरंगत ठेवणारे बोये, आणि ठरावीक अंतरावर खाली लोंबणाऱ्या उपदोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला आमिष लावलेला गळ. तैवान-जपानच्या मोठ्या जहाजांचा दोर शंभर किलोमीटरच्या घरात जातो आणि त्यावर दोन-तीन हजार गळ असतात. आपल्या छोट्या बोटींवर काही शेच असतील. दोर सोडायचा, काही तास पाण्यात ठेवायचा, मग ओढायचा. ट्रॉल जसं समुद्राचा तळ खरवडून काढतं तसं हे नाही, म्हणून कागदावर ही पद्धत स्वच्छ दिसते. पण गळाला कुपा आणि कासव यातला फरक कळत नाही. आमिषाला जो तोंड लावेल तो लागला. मुशी लागते, वाघळी लागते, सेलफिश लागतो, ऑलिव्ह रिडली लागतं. यालाच बायकॅच म्हणतात.

यातलं कासव आपलं आहे, अगदी शब्दशः. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी घरटी राखली. पुढे आंजर्ले, गुहागर असं ते काम पसरलं. महोत्सव झाले, मुंबई-पुण्याहून गाड्या भरून माणसं पिल्लं समुद्रात जाताना बघायला येऊ लागली. २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेनं पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी अशी त्यांची नावं वर्तमानपत्रांत आली. २०२५ च्या जानेवारीत तर गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर २०२१ मध्ये ओडिशात लावलेला बिल्ला सापडला, म्हणजे हा प्राणी साडेतीन हजार किलोमीटर हिंडून आलेला. किनाऱ्यावर एकेका अंड्याला जाळी लावायची आणि त्याच राज्याच्या अनुदानावर बाहेर जाणाऱ्या बोटीच्या गळाचा आकार विचारायचा नाही, ही विसंगती मला झोप येऊ देत नाही असं म्हणणार नाही. पण डोक्यातून जात नाही.

विशेष म्हणजे उपाय माहीत आहेत, आणि ते स्वस्त आहेत. जुना गळ इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा असतो, टोक सरळ वर. तो गिळला गेला की घशात, पोटात रुततो. दुसरा प्रकार गोल गळाचा, ज्याचं टोक आत वळलेलं असतं. मासा तो गिळून वळला की तो घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. पुरेसा रुंद असेल तर कासवाला तो गिळताच येत नाही. २००१ ते २००३ या काळात अमेरिकेच्या सागरी संस्थेनं वायव्य अटलांटिकमध्ये मोठे गोल गळ आणि आमिषाला म्हाकुलाऐवजी बांगड्याच्या जातीचा मासा वापरून पाहिला, तेव्हा लॉगरहेड कासवं अडकण्याचं प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी आणि लेदरबॅकचं सुमारे पासष्ट टक्क्यांनी घटलं. हवाईतली तलवार माशाची लाँगलाइन मासेमारी २००१ मध्ये कासवांपायी बंद झाली होती. ती २००४ मध्ये याच दोन अटींवर पुन्हा सुरू झाली आणि तिथेही लॉगरहेडचं प्रमाण तितक्याच मोठ्या फरकानं खाली आलं.

आमिषाचं गणित तर कुठल्याही कोळणीला एका वाक्यात सांगता येईल. म्हाकूल चिवट असतं, तुटत नाही, म्हणून कासव ते गळासकट आख्खं गिळतं. बांगडा मऊ, कासव त्याचे लचके तोडून खातं आणि गळ बाहेरच राहतो. आणि बांगडा काही जपानहून मागवायला नको, रत्नागिरीला मिळतो.

तिसरी गोष्ट गळाच्या वरची शेवटची हातभर दोरी. ती पोलादी तारेची असेल तर मुशी सुटत नाही. नायलॉनची असेल तर मुशी ती दातांनी तोडून निघून जाते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात नायलॉनवर मुशी कमी लागल्या आणि बिगआय टूना उलट जास्त लागला. बहुधा त्याला तार दिसते म्हणून. ऑस्ट्रेलियानं आपल्या पूर्वेकडच्या टूना मासेमारीत तार २००५ मध्येच बंद केली होती. पश्चिम आणि मध्य प्रशांत महासागराच्या मत्स्य आयोगानं २०२४ पासून उष्णकटिबंधातल्या पट्ट्यात तारेवर बंदी घातली आहे.

सगळंच गुळगुळीत नाही, हेही सांगायला हवं. काही प्रयोगांत गोल गळावर मुशी अधिक लागल्याचं दिसलं आहे, म्हणून गोल गळ आणि नायलॉन हे एकत्रच यायला हवेत, एकटा गोल गळ आणून चालणार नाही. दोरी तोडून गेलेली मुशी तोंडात गळ घेऊन जाते, ती सगळी जगतेच असं नाही. आणि परदेशातला प्रत्येक उपाय इथे लागू पडेल असंही नाही. कासवं वरच्या थरात असतात म्हणून गळ शंभर मीटरच्या खाली सोडा, असा एक सल्ला सर्रास दिला जातो. पण अरबी समुद्रात थोडं खोल गेलं की प्राणवायू झपाट्यानं कमी होतो. जगातल्या सर्वांत मोठ्या कमी-प्राणवायूच्या पट्ट्यांपैकी एक आपल्याच दारात आहे. त्यामुळे पिवळ्या पराचा टूनासुद्धा वरच्याच पातळ थरात दाटीनं राहतो, जिथे मुशी आणि कासवं आहेत. इथे कुपा आणि कासव एकाच मजल्यावरचे शेजारी आहेत. म्हणजे गळ खोल सोडून सुटका होईल असं धरून चालता येत नाही, आणि गळाचा आकार व दोरीचा पोत यांचं महत्त्व इथे आणखी वाढतं. उलट समुद्री पक्ष्यांसाठी दोरामागे फडफडत्या पट्ट्या लावण्याचा जो उपाय दक्षिण महासागरात अल्बाट्रॉस वाचवतो, तो इथे आणून मिरवण्यात फारसा अर्थ नाही.

आता विरोधी मुद्दे. ते फालतू नाहीत.

पहिला असा की आपल्याकडे बायकॅच असं काही नसतंच. डोलीत येईल ते सगळं कामाचं: मोठं बाजारात, लहान सुकवून, त्याहून लहान खताला. मुशी तर काय, मोरीच्या मटणासाठी लोक वाट पाहतात. हे खरं आहे, आणि हवाईचे उपाय जसेच्या तसे इथे न चालण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. तिथल्या मच्छीमाराला मुशी नकोच असते, म्हणून तो आनंदानं नायलॉन लावतो. इथल्या तांडेलाला नायलॉन लावा म्हणणं म्हणजे डिझेलचा खर्च काढून देणारी मासळी सोडून दे म्हणणं. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाची ‘मत्स्य वृष्टी’ आणि ‘यलो फिन’ ही लाँगलाइन जहाजं वर्षानुवर्षं या समुद्रात गळ टाकत आली आहेत आणि त्यांच्या पकडीत मुशी हा लक्षणीय हिस्सा असतो. बोटीचं अर्थशास्त्रच मुशीवर बेतलं, तर तिला बायकॅच म्हणणं ढोंग ठरेल.

पण म्हणूनच हे आत्ता ठरवायला हवं. मुशी वर्षानुवर्षांनी वयात येते आणि मोजकी पिल्लं देते. बांगड्यासारखी ती दोन-चार हंगामांत भरून निघत नाही. त्यात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनं मुशी-वाघळ्यांच्या संरक्षित जातींची यादी वाढवली आहे. हिंदी महासागर टूना आयोगानं थ्रेशर मुशीच्या सगळ्या जाती बोटीवर ठेवायलाच मनाई केली आहे, आणि भारत त्या आयोगाचा सदस्य आहे. म्हणजे सरकार एका हातानं असा गळ घेऊ देणार ज्याला ती मुशी लागणारच, आणि दुसऱ्या हातानं ती बंदरात उतरवली म्हणून खलाशावर गुन्हा नोंदवणार. गळाच्या वेळी गप्प बसून बंदरावर कायदा दाखवणं हा कोळ्यांवरचा अन्याय आहे. कासवांचा मुद्दा बाजूला ठेवला तरी आहे.

दुसरा मुद्दा भावनेचा आणि तरीही बरोबर: श्रीमंत देशांच्या जहाजांनी हिंदी महासागर उपसला, आता आमची दोन बोटी निघाल्या तर लगेच पर्यावरण आठवलं का? १९९१ च्या धोरणानं परदेशी भागीदारीतली जहाजं आपल्या समुद्रात आली, तेव्हा देशभरच्या मच्छीमारांनी बंदरं बंद पाडली. त्यातून मुरारी समिती आली आणि १९९६ मध्ये तिनं ते परवाने थांबवण्याची शिफारस केली. तो लढा आपल्या समुद्रावर आपला हक्क सांगणारा होता. मला तो पूर्ण मान्य आहे. पण हक्क मिळाल्यावर आपणही तीच तार आणि तोच ‘जे’ गळ वापरणार असू, तर मासळीच्या दृष्टीनं बोटीवरचा झेंडा बदलला, एवढंच.

तिसरा मुद्दा असा की लाँगलाइनपेक्षा जाळं वाईट. हेही खरं. हिंदी महासागरात टूनासाठी जी मैलोनमैल तरंगती जाळी सोडली जातात, त्यांत १९५० ते २०१८ या काळात सुमारे ४१ लाख डॉल्फिन आणि छोटे देवमासे मेले असावेत, असा २०२० मधल्या एका शोधनिबंधाचा अंदाज आहे. त्यामुळे नव्या बोटींवर गळाऐवजी तीच जाळी गेली, तर आगीतून फुफाट्यात. पण इथेही साधा उपाय सापडला आहे, आणि तो सापडला कराचीच्या बाजूला. पाकिस्तानात मच्छीमारांनीच नोंदी ठेवून केलेल्या प्रयोगात जाळं पृष्ठभागाऐवजी दोन मीटर खाली सोडलं, तर डॉल्फिन अडकण्याचं प्रमाण तीन-चतुर्थांशाहून जास्त घटलं. समुद्र तोच, जातभाई तेच, फरक दोन मीटर दोरीचा. शेजाऱ्याकडून एवढं शिकायला व्हिसा लागत नाही.

आता माझ्या धंद्याकडे वळतो, कारण या विषयात तो फार लुडबुड करतो. खोल समुद्रातली मासेमारी म्हटली की आमच्यातला कुणीतरी उठतो आणि म्हणतो, कॅमेरे लावू, एआय मासा ओळखेल. मी अशी सादरीकरणं हॅकेथॉनमध्ये बसून पाहिली आहेत. स्लाइडवर कासवाभोवती हिरवा चौकोन येतो, टाळ्या पडतात. पंचवीस दिवस समुद्रात असलेल्या बोटीवर लेन्सवर मिठाचा थर बसतो, जनरेटर बंद पडतो, व्हिडिओ उपग्रहावरून पाठवणं परवडत नाही, म्हणजे हार्ड डिस्क बंदरात आणायची आणि कुणीतरी बसून बघायची. कोण बघणार, हे स्लाइडवर नसतं. आणि समजा एआयनं कासव अचूक ओळखलं, तर ते गळाला लागल्यावर ओळखलं. गोल गळाला वीज लागत नाही, अपडेट लागत नाही, आणि तो कासव लागण्याआधी काम करतो. ज्या प्रश्नाचं उत्तर लोखंड वाकवून मिळतं त्याला सर्व्हर लावू नये, एवढी अक्कल चार वर्षांच्या डिग्रीतून यायला हरकत नव्हती.

सॉफ्टवेअरचा उपयोग नाही असं नाही, पण तो किरकोळ आणि कंटाळवाणा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी नौकांना ट्रान्सपाँडर देण्याची योजना सुरू केली. त्यावरून उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जातात. दोर किती वाजता सोडला, गळ किती, आमिष काय, कासवं किती, मुशी किती: हे पाच आकडे एका संदेशात मावतात. अडचण तंत्राची नाही, विश्वासाची आहे. ‘कासव: १’ असं लिहिल्यावर वनखात्याचा माणूस जेट्टीवर उभा असेल, तर कुठलाही तांडेल कायम ‘०’ लिहील, आणि आमचा डॅशबोर्ड हिरवागार दिसेल. नोंदीवरून शिक्षा नाही, असं लेखी आश्वासन सरकारनं द्यायला हवं. ते द्यायला प्रोग्रामर लागत नाही.

विश्वास कसा मिळतो याचा नमुना महाराष्ट्राकडेच आहे. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात अडकलेलं कासव, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला, तर मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी तो फोटो काढतो, अर्ज करतो. चांगली योजना आहे. दंड दाखवून कोळ्यांनी जे लपवलं असतं, ते भरपाईमुळे त्यांनी स्वतःहून फोटोसह पाठवलं.

पण ही योजना जाळ्यासाठी आहे. गळावर ती चालत नाही. गळाला लागलेलं कासव सोडायला जाळं फाडावं लागत नाही, उपदोरी कापली की झालं. खर्च जवळजवळ शून्य, म्हणजे भरपाईही शून्य. आणि घशात गळ व मागे लोंबती दोरी घेऊन गेलेलं कासव पुष्कळदा नंतर मरतं. ते नीट सोडायचं तर त्याला झेल्यानं वर घ्यायचं, लांब दांड्याच्या आकड्यानं गळ काढायचा, किंवा दोरी अगदी तोंडाजवळ कापायची. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि त्या वेळात बाकीचा दोर पाण्यात थांबतो. खोल समुद्रात मोल जाळ्याचं नसून वेळेचं आहे. भरपाई त्या वेळेची द्यायला हवी. आणि तो दांडा व झेला बोटीच्या किमतीतच धरायला हवा, नंतर विकत घ्या म्हणून नव्हे.

हे सगळं आत्ताच का, याचं उत्तर कर्जात आहे. पाल्कच्या सामुद्रधुनीत २०१७ मध्ये ट्रॉलर सोडून टूनाच्या लाँगलाइन बोटी घ्या, अशी योजना आली. बोट ८० लाखांची, बरंचसं अनुदान, उरलेलं कर्ज आणि स्वतःचा वाटा. लक्ष्य दोन हजार बोटींचं होतं, योजना त्याच्या जवळपासही पोचली नाही. पारंपरिक मच्छीमारानं एवढं कर्ज उचलायचं, अनोळखी मासा, अनोळखी समुद्र, अनोळखी बाजारपेठ, आणि हप्ता मात्र ओळखीचा. अशा बोटीवर हप्ता थकला की जो मासा लागेल तो विकला जाणार. तेव्हा कुणी जाऊन तार काढा, गळ बदला म्हणालं, तर नाखवा त्याला हाकलून देईल, आणि मी त्याला दोष देणार नाही. पर्ससीनच्या बाबतीत आपण हेच पाहिलं: आधी बोटी येऊ दिल्या, कर्जं होऊ दिली, मग निर्बंध आणले, आणि आता दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत व भांडतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नवे नियम आले. सहकारी संस्थांना प्राधान्य, ऑनलाइन परवाना, एलईडी, जोडीची ट्रॉलिंग आणि बुल ट्रॉलिंग यांना मनाई. या सगळ्याचं स्वागत. पण ठळक तरतुदी म्हणून जी यादी सगळीकडे छापून आली, ती किनाऱ्यावरच्या जुन्या भांडणांची यादी आहे. तिच्यात गळ नव्हता.

आपण ठरवलं नाही तर दुसरं कुणीतरी ठरवेल. कोळंबीच्या ट्रॉलला कासवं सुटण्याची खिडकी लावा, असं अमेरिकेनं १९८९ च्या कायद्यानं सांगायला सुरुवात केली. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले, १९९८ मध्ये निकाल लागला, काही मुद्द्यांवर आपण जिंकलोसुद्धा. आणि २०१९ पासून अमेरिकेनं आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. ती खिडकी बनवायची तर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं केव्हाच बनवून ठेवली होती. ट्रॉलवर लावून घेतली नाही, एवढंच. कोळंबीचं जे झालं ते कुप्याचं होणार नाही असं समजायला काही आधार नाही. शेजारी मालदीवनं बांबू-गळानं एकेक मासा पकडण्याची पद्धत टिकवली, २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलं आणि त्या नावावर मासा विकतो. आपल्या मिनिकॉयलाही तीच पद्धत आहे, प्रमाणपत्र नाही.

मागणी काय, तर पहिल्या वर्षी या बोटींच्या दोरावर एक गोल गळ, एक ‘जे’ गळ असे आळीपाळीनं लावावेत, उपदोऱ्या सगळ्या नायलॉनच्या, आमिष अर्धं बांगडा, अर्धं म्हाकूल. सोबत मत्स्य सर्वेक्षणाचा एक माणूस. तो नोंद करणारा असावा, पोलीस नव्हे. मुशी कमी लागल्यामुळे जे उत्पन्न बुडेल ते त्या वर्षाच्या हप्त्यातून वजा करावं. ऑलिव्ह रिडलीवर, आपल्या उथळ थरात, आपल्या बांगड्यानं काय होतं, याचे आकडे मग मराठी माणसाच्या बोटीवरून येतील आणि ससून डॉकला सगळ्यांसमोर वाचता येतील. हे सगळं मिळून जो खर्च होईल तो एका बोटीच्या किमतीच्या मानानं किती, हे गणित मत्स्यविभागानं करून छापावं. मला करायला सांगितलं तर फुकट करून देईन, शनिवारी सुट्टी असते.